मुळांना अंधार हवा

वसई म्हटली म्हणजे आपल्यापैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें केळीच्या बागा, पानवेलींचे मळे, बावखलावर फिरणारा रहाट आणि त्याच्या पाण्यावर पोसलेले भाजीचे वाफे उभे राहतात. पश्चिमेकडील गांवांतून हें चित्र अजून अगदींच पुसलें गेलेलें नाहीं. परंतु रेल्वेमार्गाच्या दोन्ही अंगांस, विशेषतः नालासोपारा आणि विरार या भागांत, जी दाट वस्ती उभी राहिली आहे तिच्या वांट्यास ना अंगण आलें ना परसू. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरील सज्जांत चार कुंड्या मांडल्या कीं जागा संपते. अशा घरांतून हल्लीं एक नवा खटाटोप दिसूं लागला आहे. मातीवांचून, केवळ पाण्यांत खतें विरघळवून, पालक, पुदिना, कोथिंबीर आणि सॅलडचीं पानें वाढविण्याचा हा खटाटोप. इंग्रजींत त्याला हायड्रोपोनिक्स म्हणतात. आपण त्याला जलशेती म्हणूं.

या जलशेतीचें संपूर्ण शास्त्र आज मला सांगावयाचें नाहीं. तिच्या एकाच विघ्नाविषयीं बोलावयाचें आहे. तें विघ्न म्हणजे शेवाळ. मोठ्या हौसेनें टब आणावा, त्यांत खताचें पाणी भरावें, लहान मुलांनीं रोज सकाळीं उठून पानें मोजावीं, आणि पंधरा दिवसांच्या आंत तें स्वच्छ पाणी हिरवें व्हावें, टबाच्या भिंती बुळबुळीत व्हाव्यात आणि मुळांवर तंतूंचें जाळें बसावें, हा अनुभव पुष्कळांना येतो. मग घरांत दोन पक्ष होतात. एक म्हणतो, हें पाणीच घाण आहे, टाकून द्या. दुसरा म्हणतो, यांत कांहींतरी जालीम औषध घाला. दोन्ही पक्षांचें निदान सारखेंच चुकलेलें असतें. आणि दुसऱ्या पक्षाचा उपाय तर कधीं कधीं धोक्याचाहि ठरतो. कारण या पाण्यांतून वाढलेलें पान शेवटीं आपल्याच ताटांत यावयाचें असतें.

मातीवांचून झाड वाढूं शकतें हें कांहीं कालचें ज्ञान नव्हे. इ. स. १८६० च्या सुमारास जर्मनींत युलियस झाक्स आणि विल्हेल्म क्नॉप या शास्त्रज्ञांनीं मोजक्या क्षारांच्या द्रावणांत रोपें वाढवून दाखविलीं. पुढें कॅलिफोर्निया विद्यापीठांतील विल्यम गेरिक यांनीं प्रयोगशाळेंतील हा प्रकार शेतीच्या उपयोगास आणण्याचा उद्योग केला आणि १९३७ सालीं त्याचें हायड्रोपोनिक्स हें नांव प्रसिद्ध केलें. ग्रीक भाषेंतील पाणी आणि श्रम या अर्थाच्या दोन शब्दांपासून तें बनलें आहे. गंमत अशी कीं, गेरिक यांना हें नांव सुचविणारे त्याच विद्यापीठांतील विल्यम सेचेल हे स्वतः शेवाळांचे नाणावलेले अभ्यासक होते. जलशेतीच्या बारशालाच शेवाळाचा जाणकार हजर होता म्हणावयाचा! आपल्या देशांत १९४६ च्या सुमारास जेम्स शोल्टो डग्लस यांनीं बंगालमधील कालिंपोंग येथें प्रयोग करून, महागडीं यंत्रें टाळून, खडी-वाळूंत खताचें पाणी देण्याची एक साधी रीत बसविली. ती पुढें ‘बंगाल पद्धत’ या नांवानें ओळखली गेली.

आतां शेवाळ म्हणजे काय तें पाहूं. शेवाळ ही घाण नव्हे, कुजण्याची खूणहि नव्हे. ती एक वनस्पती आहे, इतकेंच कीं तिला खोड, पान, मूळ अशीं वेगळीं अंगें नाहींत. आपल्या टबांत दिसणारीं बहुतेक शेवाळें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलीं तर एकेका पेशीचीं किंवा पेशींच्या माळेचीं बनलेलीं दिसतात. कांहीं हिरवीं असतात, कांहीं निळसर हिरवीं, तर कांहींचा तपकिरी थर भिंतीवर बसतो. यांतील निळसर हिरवा वर्ग शास्त्रज्ञ आतां जंतूंच्या कुळांत धरतात. पण उजेडावर जगण्याच्या बाबतींत त्याची रीत इतरांसारखीच आहे. त्यांचीं बीजें हवेंतल्या धुळींतून येतात, टँकरच्या पाण्यांतून येतात, बाजारांतून आणलेल्या रोपांच्या मुळांबरोबर येतात. त्यांना दारांत अडवितां येत नाहीं. भातखाचरांत हींच कांहीं शेवाळें हवेंतील नत्र बांधून पिकाला पोसतात, तेव्हां त्यांना सरसकट दुष्ट म्हणणेंहि अन्यायाचें होईल. प्रश्न एवढाच आहे कीं, आपण पालकासाठीं वाढलेल्या ताटावर तीं येऊन बसतात.

त्यांच्या बसण्यानें होणारा तोटा मात्र खरा आहे. पहिला तोटा अन्नाचा. नत्र, स्फुरद, पालाश हीं द्रव्यें आपण रोपांसाठीं मोजून घालतों. त्यांत शेवाळ वांटेकरी होतें. दुसरा तोटा आम्लतेचा. जलशेतीच्या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लता मोजण्याचा अंक, साधारणपणें साडेपांच ते साडेसहा यांच्या दरम्यान असावा लागतो. दिवसा शेवाळ पाण्यांतील कार्बन डायऑक्साइड ओढून घेतें. त्यामुळें हा अंक वर चढतो, आणि मग लोहासारखीं द्रव्यें पाण्यांत असूनहि रोपांना घेतां येत नाहींत. कोंवळीं पानें पिवळीं पडतात. तिसरा तोटा सर्वांत मोठा, तो प्राणवायूचा. दिवसा शेवाळ प्राणवायु सोडतें हें खरें. परंतु रात्रीं तेंच शेवाळ मुळांच्या वांट्याचा प्राणवायु खातें, आणि मेल्यावर तें कुजतांना आणखी खातें. उष्ण पाण्यांत प्राणवायु मुळांतच कमी राहतो. वीस अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यांत जेथें सुमारें नऊ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, तेथें तीस अंशांच्या पाण्यांत साडेसातच मावतो. आपल्या किनाऱ्यावरील चैत्र-वैशाखांत दुपारीं टबांतलें पाणी सहज तिसांच्या वर जातें. अशा पाण्यांत शेवाळाची भर पडली म्हणजे मुळें गुदमरतात, आणि गुदमरलेल्या मुळांना मूळकुजीची बुरशी ताबडतोब गांठते.

येथें एक भेद लक्षांत ठेवावा. निरोगी मूळ पांढरें किंवा सायीच्या रंगाचें असतें. त्यावर नुसती हिरवी झांक असेल तर तें शेवाळ. त्यानें घाबरून जाण्याचें कारण नाहीं. परंतु मूळ तपकिरी झालें, हातांत धरतां साल सुटूं लागली आणि पाण्याला दुर्गंधि आली, तर ती मूळकूज समजावी. तें रोप काढून टाकणें आणि भांडें धुऊन घेणें हाच त्यावर शहाणपणाचा मार्ग.

आतां औषधाच्या पक्षाचें म्हणणें ऐकूं. शेवाळ मारणारीं द्रव्यें आहेत, हें कोणीच नाकारीत नाहीं. मोरचूद तळ्यांतलें शेवाळ मारतें. परंतु तांबें हें रोपाला जितकें अल्प लागतें तितकेंच तें जास्त झालें कीं त्याच्या मुळांना घातक होतें. प्रयोगशाळांतील प्रसिद्ध पोषक द्रावणांत तांब्याचें प्रमाण दहा लक्ष भागांत एका भागाच्याहि पन्नासाव्या हिश्शाइतकें असतें! चिमटीनें मोरचूद घालणाऱ्या हाताला हें प्रमाण साधणें शक्य नाहीं. ब्लीचिंग पावडरमधील क्लोरीन शेवाळाबरोबर कोंवळीं मुळेंहि भाजून काढतें. शिवाय ब्लीचिंगच्या पाण्यांत पीएच उतरविण्याचें आम्ल किंवा साधा व्हिनेगर मिसळला तर विषारी वायु सुटतो, आणि सज्जाला लागून असलेल्या लहानशा खोलींत तो वायु फार वाईट. हायड्रोजन पेरॉक्साइड हें त्यांतल्या त्यांत सौम्य. पण तेंहि मुळांभोंवतालच्या उपकारक जंतूंना ओळखीत नाहीं आणि त्याचा परिणाम थोड्याच दिवसांत ओसरतो. औषध संपतें, शेवाळ परत येतें. कारण तें ज्यावर जगतें तें आपण काढून घेतलेलेंच नसतें.

मग शेवाळ कशावर जगतें? पाणी, खत, ऊब आणि उजेड या चार गोष्टींवर. पाणी काढून घ्याल तर रोप मरेल. खत काढून घ्याल तर रोप उपाशी राहील. ऊब आपल्या हातांत फारशी नाहीं. राहिला उजेड. आणि येथेंच निसर्गानें आपल्यासाठीं एक सोयीची फट ठेविली आहे. रोपाच्या पानांना उजेड हवा, पण मुळांना तो मुळींच नको. मातींत तीं जन्मभर अंधारांतच असतात. शेवाळाला मात्र पानेंहि नाहींत आणि मुळेंहि नाहींत; पाण्यांत उजेड पोंचला तरच त्याचें पोट भरतें. म्हणून पाण्यावरचा उजेड तोडला कीं रोपाचें कांहींच बिघडत नाहीं, आणि शेवाळाचें अन्न संपतें. जलशेतींतील शेवाळाचा सारा प्रतिबंध या एका वाक्यांत सामावलेला आहे. जुन्या प्रयोगशाळांतून रोपांच्या कांचेच्या बरण्यांना काळा कागद गुंडाळीत, तो याचसाठीं.

ज्यांचा शब्दावर विश्वास नसेल त्यांनीं एक प्रयोग करून पाहावा. एकाच आकाराच्या दोन कांचेच्या बाटल्या घ्याव्यात. दोन्हींत टबांतलेंच थोडें हिरवट पाणी आणि तेंच खत घालावें. एका बाटलीला काळ्या कागदाचें दुहेरी वेष्टन द्यावें, दुसरी उघडी ठेवावी, आणि दोघींना खिडकींत शेजारीं शेजारीं उभें करावें. आठ-दहा दिवसांनीं वेष्टन उकलून पाहिलें म्हणजे निराळ्या व्याख्यानाची गरज उरणार नाहीं. घरांतील शाळकरी मुलांच्या हातून हा प्रयोग करविला तर अधिकच चांगलें.

याचें मोठें उदाहरण तर आपण रोज पाहतों. लोकलगाडींतून वसई-विरारकडे येतांना इमारतींच्या गच्च्यांवर जे काळे प्लास्टिकचे टाके ओळीनें दिसतात, ते काळे कां? उन्हांत काळी वस्तु जास्त तापते हें ठाऊक असूनहि त्यांना काळा रंग दिला जातो, कारण पिण्याच्या पाण्यांत उजेड जाऊं द्यावयाचा नसतो. जे टाके बाहेरून पांढरे दिसतात त्यांच्याहि भिंतींत बहुधा एक काळा थर असतो. आपल्या सज्जांतील टब हा त्याच टाक्याचा धाकटा भाऊ समजावा.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. टब घेतांना पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक घेऊं नये. बाजारांत मिळणारे निळे पिंपहि पुष्कळदां उजेड आंत सोडतात. पिंपाबाहेरून पाण्याची पातळी दिसत असेल तर शेवाळालाहि सूर्य दिसतो असें समजावें. अशा भांड्याला बाहेरून आधीं काळा रंग द्यावा आणि तो वाळल्यावर त्यावर पांढरा रंग द्यावा. काळा रंग उजेड अडवितो आणि पांढरा रंग ऊन परतवितो. नुसता काळा रंग देऊन थांबलें तर पश्चिमेच्या सज्जांत दुपारीं पाणी कढत होईल आणि एका विघ्नाच्या जागीं दुसरें उभें राहील. आंतल्या बाजूस मात्र कोणताहि रंग लावूं नये.

झांकणाकडे पुष्कळांचें दुर्लक्ष होतें. थर्मोकोलचें पांढरें झांकण जाड दिसलें तरी कडक उन्हांत त्यांतून उजेड झिरपतो. त्याच्या खालच्या अंगास काळ्या प्लास्टिकचा कागद लावावा. रोपासाठीं पाडलेलें भोंक जाळीच्या कुंडीला घट्ट बसेल इतकेंच असावें. रिकाम्या भोंकाला बूच मारावें. कुंडींतील नारळाचा भुसा किंवा स्पंजचा तुकडा वरून सदा ओला राहिला तर त्याच्याच माथ्यावर हिरवा थर धरतो आणि त्यावर बारीक माश्या जमतात. म्हणून त्यावर भाजलेल्या मातीच्या गोळ्या किंवा मधोमध चीर दिलेली काळ्या कापडाची चकती ठेवावी. नळ्यांतून पाणी फिरविण्याची रचना असेल तर पातळ पांढऱ्या आणि पारदर्शक नळ्यांनाहि हाच नियम लागू आहे. हवेच्या पंपाची नळी, विजेची तार, पाणी घालण्याचें तोंड, या प्रत्येक ठिकाणीं उजेडाला वाट मिळते.

हें सारें नीट जमलें कीं नाहीं याची परीक्षा सोपी आहे. रात्रीं सज्जांतला दिवा मालवावा, टब रिकामा असतांना त्याच्या आंत एक विजेरी लावून ठेवावी, झांकण बसवावें आणि सभोंवार फिरून पाहावें. जेथून उजेड बाहेर येतो तेथूनच तो दिवसा आंत जातो. ती फट बुजवावी आणि पुन्हां पाहावें.

श्रोतेहो, या झांकणाशीं आणखी एक प्रश्न जोडलेला आहे, आणि तो शेवाळाहून गंभीर आहे. पावसाळा आला कीं आपल्या भागांत डेंग्यूची धास्ती सुरू होते. हा रोग पसरविणारा एडिस डांस गटारांत वाढत नाहीं. घरांतल्या आणि सज्जांतल्या सांठलेल्या स्वच्छ पाण्यांत वाढतो, आणि उबदार हवेंत अंड्यापासून पंखांपर्यंत पोंचावयास त्याला आठ-दहा दिवस पुरतात. त्याचीं अंडीं पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटलेलीं असतात आणि कोरडींहि महिनोन् महिने टिकतात. म्हणून उघडा टब हा केवळ शेवाळाचा नव्हे, डांसांचाहि पाळणा आहे. उजेड शिरणार नाहीं असें झांकण बसविलें तर बहुतेक डांसहि शिरत नाहीं. आणि जेथें नळ्या आंत जातात तेथें बारीक जाळी किंवा कापूस बसविला म्हणजे बंदोबस्त पुरा होतो. शेजाऱ्यांच्या मुलांचें आरोग्य ज्या सज्जावर थोडेंबहुत अवलंबून आहे, त्या सज्जांत एवढी दक्षता घेणें हें हौशी माणसाचें कर्तव्यच आहे.

ज्यांच्या टबांत शेवाळ आधींच आलें आहे त्यांनीं निराश होऊं नये. रोपें अलगद उचलून खताच्या ताज्या पाण्यांत, झांकलेल्या बादलींत ठेवावीं. टब रिकामा करून ब्रशानें भिंती, कोपरे आणि पंपाची जाळी घांसून काढावी. या घांसण्यानें शेवाळाचा थर आणि डांसांचीं अंडीं दोन्ही निघतात. ब्लीचिंगचें सौम्य पाणी वापरावयाचें असेल तर तें येथें, रिकाम्या भांड्यांत, दुसरें कांहींहि न मिसळतां वापरावें, आणि नंतर साध्या पाण्यानें दोन-तीनदां धुऊन भांडें वाळवावें. मुळांवरचे तंतु हलक्या हातानें धुवावे. ओढून काढण्याचा आग्रह धरूं नये, कारण अंधारांत तें आपोआप मरतात. मग उजेडाच्या फटी बुजवून नवें पाणी भरावें. पुढें दर दहा-पंधरा दिवसांनीं पाणी बदलावें, हवेचा पंप चालू ठेवावा, आणि रोपें लवकर वाढावींत म्हणून सांगितल्यापेक्षां जास्त खत घालण्याचा मोह टाळावा. तें जास्तीचें खत रोपाच्या आधीं शेवाळच खाईल.

बदलून काढलेल्या पाण्याचें काय करावें, एवढें सांगून संपवितों. त्यांत नत्र आणि स्फुरद उरलेलें असतें. तें गटारांत ओतलें तर शेवटीं तें खाडींत, नाल्यांत किंवा एखाद्या बावखलांत जातें. बावखल म्हणजे वसईच्या वाड्यांतून पूर्वजांनीं खणून ठेविलेलें गोड्या पाण्याचें तळें. त्याच्या पाण्यावर शिंपणें होई, त्यांत पावसाचें पाणी मुरे, आणि समुद्राच्या इतक्या जवळहि विहिरी गोड राहावयास त्याचा हातभार लागे. काठची झाडी त्याच्यावर सावली धरी. आज कित्येक बावखलें बुजविलीं गेलीं आहेत, आणि जीं उरलीं आहेत त्यांतील कांहींवर सांडपाण्यामुळें शेवाळ आणि जलपर्णी माजते. झाडी तुटली कीं उजेड वाढतो. सांडपाणी आलें कीं खत वाढतें. आणि मग आपल्या टबांत जें पंधरा दिवसांत घडतें तेंच तेथें मोठ्या प्रमाणावर घडतें. म्हणून टबांतलें जुनें पाणी गटारांत सोडूं नये. दुप्पट साधें पाणी मिसळून तें कुंड्यांतील तुळशीला, जास्वंदीला, किंवा इमारतीच्या आवारांतील झाडांना घालावें. मातींत तें झाडांच्या कामीं येतें आणि वायां जात नाहीं.